स्तनोन्नयनाची शस्त्रकला

विदर्भदेशास सौंदर्याचें माहेर मानण्याची आपल्या जुन्या कवींची रीतच होती. रुक्मिणीचें माहेर म्हणून सांगितलें जाणारें कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं आहे. नलराजाची दमयंती विदर्भाची. आणि ‘रघुवंशां’त अजाला वरणारी इंदुमतीही विदर्भाचीच. महानुभाव कवि नरेंद्र यानें ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचून हा वारसा मराठींत आणिला. या नायिकांचीं वर्णनें वाचीत असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. कवीच्या लेखणीखालीं त्यांचें वय कधीं वाढत नाहीं. उन्नत वक्षःस्थल, कृश कटि, मंद गति हा सगळा साज स्वयंवरमंडपाच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर येतो, आणि तेथें वर्णन थांबतें. भागवतकार रुक्मिणीला दहा पुत्र झाल्याचें सांगतात. परंतु दहा लेंकरांची माता झालेल्या त्या राजकन्येच्या देहाचें पुढें काय झालें, हें सांगण्याची जरुरी कवींस भासली नाहीं.

कवींनीं कोरें सोडलेलें हें पान आज शस्त्रवैद्य भरीत आहे. ओघळलेला स्तन वर उचलून त्यास पूर्वीसारखा आकार देण्याची जी शस्त्रक्रिया, तिला आम्ही येथें ‘स्तनोन्नयन’ म्हणूं. पाश्चात्य वैद्यकांत ती ‘मास्टोपेक्सी’ या ग्रीक घडणीच्या नांवानें ओळखली जाते. तिच्या जाहिराती आतां मुंबई-पुण्याची वेस ओलांडून अमरावती-अकोल्याच्या घरांतही येऊन पोंचल्या आहेत. त्यांबरोबर दोन टोकांचीं मतेंही आलीं आहेत. एक पक्ष म्हणतो, हे श्रीमंतांचे थेर. चार मुलांच्या आईला हें कशाला हवें? दुसरा पक्ष म्हणतो, पैसे मोजा आणि दोन-तीन तासांत गेलेलें तारुण्य घरीं घेऊन जा. या दोहोंच्या मध्यें एखादी स्त्री मनांतला प्रश्न मनांतच ठेवून बसलेली असते. तिला कोणाशीं बोलतां येत नाहीं, आणि खरें काय तें कोणी सांगत नाहीं. या शस्त्रक्रियेचा इतिहास नीट पाहिला तर दोन्ही पक्षांचें म्हणणें अपुरें आहे हें दिसून येतें, आणि त्या स्त्रीच्या प्रश्नाचें उत्तरही त्याच इतिहासांत पुष्कळसें सांपडतें.

प्रथम रोग कीं विकार कीं निव्वळ वयोधर्म, हें पाहूं. स्तनांत स्नायु नाहीं. तो दुग्धग्रंथि आणि चरबी यांचा बनलेला असून छातीच्या स्नायूवर केवळ टेकलेला असतो. त्याला सांवरून धरणारें जें आहे तें म्हणजे वरची त्वचा आणि ग्रंथींच्या मधून त्वचेपर्यंत गेलेले बारीक तंतुमय बंध. या बंधांचें वर्णन लंडनचा शस्त्रवैद्य अ‍ॅस्टले कूपर यानें १८४० सालीं प्रसिद्ध केलेल्या स्तनशारीरावरील ग्रंथांत केलें, म्हणून ते आजही त्याच्याच नांवानें ओळखले जातात. गर्भारपणीं ग्रंथि वाढते, त्वचा ताणली जाते. पुढें ग्रंथि आटते, परंतु ताणलेली त्वचा व सैल झालेले बंध पूर्ववत् होत नाहींत. धान्य काढून घेतल्यावर पोतें जसें आपल्याच भारानें खालीं बसतें, तसा प्रकार होतो.

येथें एका समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. बाळाला पाजल्यानें स्तन ओघळतात असें आपल्याकडे सर्रास मानलें जातें, आणि त्या भीतीनें वरच्या दुधाकडे वळणाऱ्या माताही आढळतात. केंटकी विद्यापीठांतील ब्रायन रिंकर व त्यांचे सहकारी यांनीं स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या ९३ मातांची पाहणी करून २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाढतें वय, देहाची स्थूलता, गर्भारपणांची संख्या, मुळांतच मोठा असलेला स्तन आणि धूम्रपान हीं ओघळण्याचीं कारणें ठरलीं. अंगावर पाजणें हें कारण ठरलें नाहीं. म्हणजे जो दोष गर्भारपणाचा व वयाचा, तो आपण आजवर बाळाच्या तोंडीं मारीत आलों. एवढी एक गोष्ट जरी घरोघरीं कळली तरी पुष्कळ अर्भकांचें कल्याण होईल.

स्तन ओघळल्याची खंत आजकालची नव्हे. आपल्या मध्ययुगीन योगसंग्रहांत ‘श्रीपर्णी तैल’ या नांवाचा एक योग सांगितलेला आहे. श्रीपर्णी म्हणजे आपल्याकडील शिवण. तिच्या रसांत व कल्कांत तिळाचें तेल सिद्ध करावें आणि त्यांत भिजविलेला कापूस स्तनांवर ठेवावा, म्हणजे पतित स्तन पुन्हां उन्नत होतात, अशी त्याची ख्याति. तेलानें त्वचा मऊ होईल, स्निग्ध होईल. परंतु तुटलेले बंध जोडण्याची अथवा जास्तीची त्वचा नाहींशी करण्याची शक्ति कोणत्याही तेलांत नाहीं. आज त्याच आशेवर निरनिराळीं मलमें व यंत्रें विकलीं जातात, आणि व्यायामानेंही काम होईल असें सांगितलें जातें. व्यायामानें स्तनाखालचा छातीचा स्नायु बळकट होतो. स्तन त्या स्नायूचा भाग नसल्यामुळें तो आपल्या जागीं लोंबतच राहतो. तथापि या जुन्या योगाचें ऐतिहासिक मोल आहेच. ही इच्छा परदेशांतून आलेली नाहीं, आमच्याच माजघरांतली आहे, याची साक्ष तो योग देतो.

आतां शस्त्राकडे वळूं. देहाचें रूप शस्त्रानें पुन्हां घडवितां येतें, ही कल्पना जगाला ज्या देशांनीं दिली त्यांत आपला देश अग्रभागीं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, सोळाव्या अध्यायांत, फाटलेली कानाची पाळी सांधण्याच्या पंधरा रीति सांगून पुढें तुटलेलें नाक गालाच्या त्वचेनें घडविण्याची क्रिया दिली आहे. नाकाएवढें झाडाचें पान मापून घ्यावें, त्या मापाची त्वचा गालापासून सोडवावी, मात्र एका बाजूनें ती गालास जोडलेलीच ठेवावी, असा तो विधि आहे. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. सोडविलेल्या त्वचेचा एक देठ मूळ जागीं शाबूत राहिला पाहिजे. त्या देठांतून तिला रक्त मिळतें, आणि नव्या जागीं ती रुजेपर्यंत तोच तिचा प्राण असतो.

या विद्येचें प्रात्यक्षिक जगानें पाहिलें तें महाराष्ट्रांत. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजी सैन्याबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलें. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच नकटा वावरत होता. पुढें पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातींतील एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. नाकाच्या थोटकावर मेणाची पातळ चकती बसवून माप घ्यावयाचें, ती चकती उलगडून कपाळावर ठेवावयाची, तिच्या कडेनें रेघ मारून तेवढी त्वचा सोडवावयाची, दोन्ही भुवयांच्या मधला देठ मात्र तोडावयाचा नाहीं. मग ती त्वचा फिरवून खालीं आणावयाची आणि काथ पाण्यांत मऊ करून चिंध्यांवर लावून त्या चिंध्यांनीं ती जागच्या जागीं चिकटवावयाची. सुमारें पंचविसाव्या दिवशीं देठ कापावयाचा. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यांतील दोघां इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिली, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत तिची हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. युरोपांतील अर्वाचीन घडण-शस्त्रविद्येची पेठ येथून उघडली.

त्या कुंभारानें कावसजीला काय परत दिलें, याचा विचार करण्यासारखा आहे. नाक नसतांही माणूस श्वास घेऊं शकतो, जेवूं शकतो, नांगर धरूं शकतो. परंतु मराठींत ‘नाक कापलें गेलें’ याचा अर्थ काय होतो हें सांगावयास नको. राजे लोक नाक कापीत तें माणसाला जिवंत ठेवून त्याची अब्रू नेण्यासाठींच. म्हणून तो कारागीर चामडें घडवीत होता तरी परत देत होता ती अब्रू. सातव्या शतकांतील ग्रीक वैद्य पॉल ऑफ इजिना यानें पुरुषाचे वाढलेले स्तन लहान करण्याची क्रिया सांगितली, तिचें कारणही तेंच दिलें आहे: अशा पुरुषाला लोक बायकी म्हणून हिणवितात. तेव्हां रूपावरील शस्त्रक्रिया ही आधुनिकांची चैन, हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. लोकांच्या नजरेनें झालेली जखम बरी करणें हा तिचा पहिल्यापासूनचा उद्देश होता.

स्त्रीच्या स्तनाच्या रूपासाठीं मात्र शस्त्र फार उशिरां चाललें. भूल आणि जंतुनाशन यांच्याशिवाय तें निर्धोकपणें करणें कठीण होतें. १८४६ सालीं बोस्टन येथें मॉर्टन यानें ईथरच्या भुलीचा प्रयोग लोकांसमोर करून दाखविला. १८६७ सालीं लिस्टरनें आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली. त्यानंतर तीस वर्षांनीं, १८९७ सालीं, पूसाँ या फ्रेंच शस्त्रवैद्यानें ओघळलेल्या स्तनावरील आपली क्रिया प्रसिद्ध केली. स्तनाच्या वरच्या बाजूनें चंद्रकोरीसारखा त्वचेचा व चरबीचा तुकडा काढून खालचा भाग वर ओढावयाचा आणि छातीच्या स्नायूवरील आवरणाला टांक्यांनीं टांगून ठेवावयाचा, अशी ती होती. पुढील वर्षीं व्हेर्शेर यानें तिच्याच जातीची क्रिया सांगितली. पण खुंटीला टांगलेली जड पिशवी कालांतरानें जशी खालीं येते तसेंच येथें होई, आणि वण राही तो नेमका उघड्या जागीं, वरच्या अंगास.

दुसऱ्या पिढीनें टांगण्याचें सोडून घडविण्याचें मनावर घेतलें. स्तनाग्र वर न्यावयाचें, खालची जास्तीची त्वचा काढावयाची, ग्रंथीला शंकूचा आकार द्यावयाचा. येथें संकट आलें तें रक्ताचें. शिकागोच्या मॅक्स थोरेक यानें १९२२ सालीं स्तनाग्र सपशेल कापून काढून नव्या जागीं रोपासारखें लावण्याची पद्धति सांगितली. तें रुजे, परंतु त्यांतली संवेदना आणि दूध हीं दोन्ही जात. व्हिएन्नाच्या बीजेनबर्गर यानें १९२८ सालीं त्वचा ग्रंथीपासून दूरवर सोडवून ग्रंथीला हवा तसा आकार देण्याची रीति काढली. आकार सुंदर येई, पण कित्येकदां रक्ताभावीं भाग काळा पडून गळून जाई. १९३० सालीं श्वार्ट्झमान यानें दाखवून दिलें कीं, स्तनाग्राभोंवतींच्या त्वचेचा केवळ वरचा पापुद्रा काढून आंतला थर शाबूत ठेवला तर त्यांतून स्तनाग्राला रक्त मिळत राहतें. पुढें १९६० सालीं स्वीडनच्या स्ट्रोमबेक यानें आडव्या आणि १९७२ सालीं अमेरिकेच्या मॅक्किसॉक यानें उभ्या देठावर स्तनाग्र वर नेण्याच्या पद्धति रूढ केल्या. नांवें परकीं असलीं तरी तत्त्व आपल्या ओळखीचें आहे. पुण्याजवळच्या त्या वीटकरानें दोन भुवयांच्या मध्यें जो देठ राखला, तोच हा देठ. ज्यानें तो तोडला त्याचें काम नासलें. ज्यानें राखला त्याचें तगलें.

त्वचा किती व कोठून कापावी याचें गणित मात्र शिंप्याकडून आलें. अमेरिकन शस्त्रवैद्य रॉबर्ट वाइज यानें १९५६ सालीं प्रसिद्ध केलेला आंखणीचा नमुना स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या कापणीवरून बेतला होता. सपाट कापडांतून पाचर काढून कडा जोडल्या कीं त्याला गोलाई येते, हें कटोरीचें पोलकें शिवणाऱ्या आमच्या कोणत्याही शिंप्यास ठाऊक आहे. स्तनाग्राभोंवतीं एक वर्तुळ, तेथून खालीं उभी रेघ, आणि स्तनाच्या खालच्या वळींत आडवी रेघ, असा जहाजाच्या नांगरासारखा वण या पद्धतीनें राहतो, आणि आजही पुष्कळ ठिकाणीं हीच रीति चालते.

या इतिहासांत स्त्रियांचा हात मागाहून लागला, पण तो निर्णायक ठरला. पॅरिसमधील स्युझान नोएल या स्त्री-शस्त्रवैद्येनें १९२६ सालीं सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्यावर पुस्तक लिहिलें. चेहऱ्यावर वय दिसूं लागलें म्हणून नोकरीला मुकण्याची पाळी आलेल्या कष्टकरी स्त्रिया तिच्याकडे येत. तीच बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठींही झगडत होती. माँट्रियलच्या पॉल रेन्यो या स्त्री-वैद्येनें १९७६ सालीं ओघळण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. स्तनाग्र स्तनाखालच्या वळीच्या पातळीवर आलें कीं पहिली, तिच्या खालीं उतरलें कीं दुसरी, आणि स्तनाच्या अगदीं तळाशीं जाऊन जमिनीकडे पाहूं लागलें कीं तिसरी. ब्रुसेल्सच्या मादलेन लेजूर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत आडवी रेघ गाळून केवळ उभ्या वणाची पद्धति प्रचारांत आणिली, आणि कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनीं १९९९ सालीं तिला अधिक सुटसुटीत केलें. पुरुष शस्त्रवैद्यांनीं आकाराचा ध्यास घेतला होता. वण कमी कसा राहील ही चिंता वाहण्यांत या स्त्रियांचा वांटा मोठा आहे.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे येऊं. येथें स्तनाचें कोणतेंही दुखणें हें लपविण्याचें दुखणें. पुरुष वैद्यापुढें पदर बाजूला करणें म्हणजे मेल्याहून मेल्यासारखें. याच लाजेपोटीं स्त्रिया उपचारावांचून मरतात, म्हणून आपल्याला स्त्री डॉक्टर हव्यात, असें आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं श्रीरामपूरच्या सभेंत सांगितलें आणि १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेऊन तें खरें करून दाखविलें. १८८५ सालीं स्थापन झालेल्या लेडी डफरीन फंडाचा हेतुही हाच होता. अमरावतीचें स्त्री-रुग्णालय लोकांच्या तोंडीं आजही ‘डफरीन’ आहे, आणि अकोल्याचें ‘लेडी हार्डिंग’. या रुग्णालयांनीं वऱ्हाडांतील बाईला प्रथम शिकविलें कीं, आपला देह दाखविणें यांत निर्लज्जपणा नाहीं.

रूप परत देणाऱ्या शस्त्रविद्येची ओळख मात्र आपल्या भागाला सौंदर्याच्या वाटेनें झाली नाहीं. ती झाली कुष्ठरोगाच्या वाटेनें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं अमरावतीजवळ तपोवनाची स्थापना केली. सल्फोन औषधें त्याच दशकांत आलीं आणि रोगाचे जंतु मरूं लागले. परंतु जंतु मेले तरी बसलेलें नाक, झडलेल्या भुवया, वाकडीं बोटें तशींच राहत, आणि बऱ्या झालेल्या माणसाला गांव पुन्हां घेत नसे. या रोगाच्या एका प्रकारांत वृषणांवर परिणाम होऊन पुरुषांचेही स्तन वाढतात, आणि ती विटंबना वेगळीच. वेल्लोर येथें पॉल ब्रँड यांनीं, आणि पुण्याजवळ कोंढवा येथें गिलीझ यांचे शिष्य नोशीर अंतिया यांनीं या रुग्णांचे हात व चेहरे पुन्हां घडविले. आमच्या शेजारीं नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सी. बालकृष्णन यांनीं १९५८ सालीं घडण-शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभारला. असा विभाग काढणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. भाजलेले, फाटलेल्या ओठांचे, अपघातांत चेहरा गमावलेले रुग्ण घेऊन नागपूरची वाट धरणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबांना ही विद्या चैनीची कधींच वाटली नसेल.

आणि हीच विद्या आतां कर्करोगाच्या रुग्णांना उपयोगी पडते. एका स्तनांतील गांठ काढल्यावर उरलेल्या भागाला आकार देण्यासाठीं, किंवा दुसरा स्तन त्याच्या बरोबरीस आणण्यासाठीं, शस्त्रवैद्य स्तनोन्नयनाचीच आंखणी वापरतो. तीच सुई, तोच देठ, तोच नांगरासारखा वण. विमा कंपनीच्या कागदावर मात्र यांच्यामध्यें एक रेघ आहे: अपघात, भाजणें, कर्करोग किंवा प्रकृतीची निकड असेल तर खर्च मिळावयाचा, केवळ रूपासाठीं असेल तर नाहीं. खजिन्याला कोठें तरी रेघ मारावीच लागते, म्हणून त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु हिशेबाची रेघ ही नीतीची रेघ नव्हे, एवढें लक्षांत ठेवावें.

इतिहास येथवर आला. आतां ज्या स्त्रीला हा निर्णय घ्यावयाचा आहे तिनें काय अपेक्षा धरावी, हें या इतिहासाच्याच आधारें सांगूं. पहिली गोष्ट, या क्रियेनें स्तन वर येतो, मोठा होत नाहीं. वरचा भाग भरीव हवा असेल तर आंत कृत्रिम पिशवी घालावी लागते, आणि ती पुढें कधीं तरी बदलण्याची अथवा काढण्याची तयारी ठेवावी लागते. दुसरी गोष्ट, वण राहणारच. तो कांहीं महिने लाल व कठीण असतो, वर्षभरानें फिका होतो, पण नाहींसा होत नाहीं. आपल्या सांवळ्या त्वचेंत तो जाड होण्याचा संभव गोऱ्या त्वचेहून अधिक. आकारासाठीं वणाची किंमत मोजणें, असाच हा सौदा आहे. तिसरी गोष्ट संवेदनेची. स्तनाग्राची जाणीव कांहीं काळ कमी होते. बहुधा परत येते, क्वचित् कायमची जाते. देठ राखला असल्यास पुढें बाळाला पाजतां येण्याचा संभव राहतो, पण हमी नाहीं. शिवाय पुढच्या गर्भारपणांत केलेलें काम पुन्हां सैल पडतें. म्हणून मुलें होणें संपल्यावर आणि वजन कांहीं महिने स्थिर राहिल्यावर हा विचार करणें शहाणपणाचें.

क्रियेपूर्वीं स्तनांची तपासणी, आणि चाळिशी उलटली असल्यास क्ष-किरण-चित्र, करून घ्यावें. गांठ असेल तर तिचा विचार आधीं. आंखणी उभें करून केली जाते, कारण निजल्यावर स्तन आपली जागा सोडतो. भूल पूर्ण असते, आणि दोन-तीन तास लागतात. पहिले कांहीं दिवस सूज, ठणका व निळसरपणा असतो. आधार देणारी घट्ट चोळी कांहीं आठवडे रात्रंदिवस घालावी लागते. हलकें काम आठवड्या-दोन आठवड्यांत करतां येतें, पण जड वस्तु उचलणें व हात डोक्यावर नेणें महिना-दीड महिना वर्ज्य. ज्या बाईला कापसाची वेंचणी करावयाची आहे, भरली घागर आणावयाची आहे, किंवा कडेवरचें मूल उतरवितां येत नाहीं, तिनें हा हिशेब दिवाळीच्या हंगामाआधीं घालावा. तंबाखूबद्दल तर निक्षून सांगितलें पाहिजे. विडी असो, मशेरी असो वा आमच्या विदर्भांतला खर्रा असो, त्यांतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतें. आणि बीजेनबर्गरच्या रुग्णांचें जें झालें तें तंबाखूनें आजही होऊं शकतें. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दोन बाजूंत थोडा फरक, पुन्हां टांके घालण्याची वेळ, हे धोके चांगल्या हातांतही असतात. म्हणून हात कोणाचा आहे हें पाहावें: घडण-शस्त्रक्रियेची एम्.सीएच्. किंवा तत्सम पदवी, आणि भुलेची व निकडीची सोय असलेलें रुग्णालय. जो वैद्य वणाची गोष्ट स्वतः होऊन काढीत नाहीं त्याच्यापासून दूर राहावें.

शेवटीं अपेक्षांतली सर्वांत मोठी अपेक्षा. शस्त्रक्रियेनें वय थांबत नाहीं. उचललेला स्तनही पृथ्वीच्या ओढीनें वर्षांगणिक थोडा थोडा खालीं येतो. तिनें रुसलेला नवरा परत येत नाहीं, आणि सासरची टोंचणी बंद होत नाहीं. कावसजीचें नाक शत्रूनें कापलें होतें. लेंकुरवाळ्या स्त्रीचा देह कोणीं विटाळलेला नाहीं, त्यानें आपलें काम केलें आहे. मातृत्वाची खूण ही कापलेल्या नाकासारखी बेअब्रू आहे असें जर तिला कोणी पटवून दिलें असेल, तर शस्त्राची गरज तिला नाहीं. ज्याच्या जिभेनें ती जखम झाली त्या जिभेचा आधीं इलाज झाला पाहिजे. नवऱ्याच्या सांगण्यावरून किंवा जाहिरातीच्या धाकानें टेबलावर निजणें आम्ही कोणासही सुचविणार नाहीं.

पण जी स्त्री सर्व कांहीं समजून, वण व खर्च व धोका यांचा हिशेब करून, स्वतःच्या मनानें म्हणते कीं मला आरशांतला देह माझा वाटत नाहीं आणि तो मला परत हवा आहे, तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. नाकाच्या आणि भुवयांच्या शस्त्रक्रियेला आपण पुण्यकर्म म्हणतों. मग हिच्या इच्छेला थेर म्हणणें हा कोणता न्याय? तिनें हा प्रश्न आईला, बहिणीला, आणि डफरीनमधल्या डॉक्टरीणबाईला उघडपणें विचारावा. आणि तिला मिळणारें उत्तर खरें व पुरें असावें. ‘हो’ किंवा ‘नाहीं’ हें नंतर तिचें तिनें ठरवावें.